त्या काळाच्या मानानं

"मामा, तू मघाशी सारखी सिनेमाची माफी का मागत होतास?"

भाचीनं हे दारात उभं राहून, पायात सँडल अडकवता अडकवता विचारलं. तिला उत्तर हवं होतं असंही नाही. लिफ्ट आली, ती गेली. मी दार लावलं, टीव्ही बंद केला आणि बराच वेळ त्या वाक्याभोवती घुटमळत राहिलो. माफी? मी? फ्रित्झ लांग या दिग्दर्शकाच्या 'एम' या जर्मन सिनेमाची, लहान मुलांचे खून करणाऱ्या माणसाच्या त्या गोष्टीची? जो सिनेमा मी गेली तीस वर्षं भेटेल त्याला 'बघाच' म्हणून सांगत आलोय, ज्याच्यावरून एकदा एका मित्राशी आठवडाभर अबोला धरला होता, त्याची माफी मी कशाला मागेन? पण आठवायला लागलो तसं एकेक वाक्य वर यायला लागलं. सुरू होण्याआधी: "जुना आहे हं. १९३१चा. काळा-पांढरा." मग थोड्या वेळानं: "आता जरा पोलीस-पोलीस चालेल, पण पुढे पकडतो." मध्येच ती उशी मागे सारून नीट बसली, तेव्हा तिला कंटाळा आला असं धरून चालून: "त्या वेळी हे सगळं पहिल्यांदाच होत होतं बरं का." आणि शेवटी, दिवा लावायला उठता उठता, सगळ्यात वाईट: "त्या काळाच्या मानानं जबरदस्त आहे की नाही?"

तिनं मान हलवली होती. मी तो होकार समजलो होतो.

'त्या काळाच्या मानानं.' एखाद्या म्हाताऱ्या माणसाला "वयाच्या मानानं तब्येत छान ठेवलीय हो तुम्ही" असं म्हटलं की तो हसतो, पण आपल्याला आता वेगळ्या रांगेत उभं केलंय हे त्याला कळलेलं असतं. जुन्या सिनेमांशी आपण हेच करतो आणि वर त्याला आदर म्हणतो. अभिजात म्हणायचं, वरच्या फळीवर ठेवायचं, वर्षातून एकदा धूळ झटकायची. विनोदी सिनेमा शिळा झाला तर निदान पत्ता लागतो, हसू येत नाही. थरारपट शिळा झाला तर आपण मान्य करत नाही, "तेव्हाचे लोक काय घाबरले असतील!" असं म्हणून घाबरायचं काम तेव्हाच्या लोकांवर ढकलून मोकळे होतो. त्या संध्याकाळी मी भाचीच्या शेजारी बसून तेच करत होतो. तिला भीती वाटायच्या आधीच भीती न वाटण्याची मुभा देत होतो. बरं, मला स्वतःला त्या सिनेमाची भीती वाटते का, हा प्रश्न मी किती वर्षांत विचारला नव्हता कोण जाणे.

मी तो पहिल्यांदा पाहिला विशीत, एका फिल्म सोसायटीत. १६ मिलिमीटरचं प्रोजेक्टर खोलीतच, मागच्या रांगेच्या डोक्यावर खडखडत असायचं, आणि रीळ संपलं की मधेच दिवे लागायचे. दिवे लागले की सगळे एकमेकांकडे न बघता बसायचे, जणू काही चोरून करताना पकडलेत. प्रिंटवर सतत पाऊस. सबटायटल्स पांढरी, त्यामुळे पडद्यावर पांढरा कागद किंवा पांढरा शर्ट आला की संवाद गुल. लोखंडी खुर्ची कमरेत रुतायची. आणि सिनेमा संपल्यावर बाहेर उभं राहून आम्ही जे काही बोलायचो, ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. एक्स्प्रेशनिझम, वायमार, सावल्यांचं राजकारण. यातलं निम्मं सोसायटीनं वाटलेल्या सायक्लोस्टाइल पत्रकावरून उचललेलं. सिनेमाला पैकीच्या पैकी मार्क आम्ही आत शिरण्याआधीच देऊन ठेवले होते. पेपर तपासायचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात या सिनेमातलं एक दृश्य पक्कं होतं. उंच वाढलेलं गवत. एल्सी नावाच्या लहान मुलीच्या मानेमागून येणारा गुबगुबीत हात. तिच्या हातून सुटणारा चेंडू. हे दृश्य मी कितीतरी जणांना वर्णन करून सांगितलंय, हाताच्या हालचालीसकट. भाचीबरोबर बघताना त्याचीच वाट पाहत होतो. ते आलं की ती दचकेल आणि आपल्या शिफारशीची लाज राहील, असा हिशेब होता. झुडपातून चेंडू घरंगळत आला. थांबला. मग माणसाच्या आकृतीचा फुगा तारांमध्ये अडकून फडफडला, वाऱ्यानं सुटला, गेला. आणि पडदा काळा.

हात नव्हता. मान नव्हती.

एवढंच होतं. नेहमी एवढंच होतं. तीस वर्षं मी जो खून सांगत फिरलो तो लांगनं चित्रित केलेलाच नाही. तो मी केला होता. खून दाखवला नाही म्हणजे प्रत्येक प्रेक्षक आपल्या कल्पनेनं तो स्वतः करतो, अशा अर्थाचं लांग पुढे मुलाखतींमध्ये सांगत असे, आणि ते मी वाचलेलंही होतं, लोकांना ऐकवलंही होतं. पण ते इतरांना लागू आहे, तसल्या बाळबोध प्रेक्षकांना, असं मला मनातून वाटत असावं. सिनेमाचा तज्ज्ञ म्हणून मिरवणाऱ्या माझ्याच डोक्यात तो गुबगुबीत हात इतका तपशीलवार कुठून आला, नखांसकट, हे काही मला अजून नीट सांगता येत नाही. सांगायची इच्छाही नाही.

तेव्हा ठरवलं की मार्क पुन्हा द्यायचे, कृपागुण न देता. दुसऱ्या रात्री एकट्यानं सिनेमा लावला, हातात वही घेतली. वही हातात घेतली की मी जरा दुष्ट होतो, ते बरंच झालं.

सुरुवात घ्या. चाळीसारख्या इमारतीच्या आवारात मुलं रिंगण करून उभी आहेत आणि मधली मुलगी बोट फिरवत गाणं म्हणतेय: थोडं थांब, काळा माणूस येईल, कोयत्यानं तुझा खिमा करील, आणि ज्याच्यावर बोट थांबेल तो बाद. वरच्या सज्जातून एक बाई ओरडते, गाऊ नका ते मेलं गाणं. मग ती धुण्याची टोपली घेऊन एल्सीच्या आईच्या दारात येते आणि तक्रार करते. आई कपडे घासता घासता म्हणते, निदान गाताना ऐकू येतंय तोवर मुलं आहेत एवढं तरी कळतं. मग घड्याळ वाजतं. शाळा सुटायची वेळ. ती हात पुसते, टेबलावर बशी मांडते, चमचा ठेवते, रुमालाची घडी घालते. तिकडे एल्सी चेंडू आपटत येते आणि तो नेमका एका जाहिरातीच्या खांबावर आपटत राहते. खांबावर दहा हजार मार्कांच्या बक्षिसाचं पत्रक आहे, खुनी कोण ते सांगणाऱ्याला. त्या पत्रकावर एक टोपीची सावली येते आणि वाकून विचारते, किती छान चेंडू आहे गं तुझा, नाव काय तुझं? हे सगळं मला पाठ होतं. जे पाठ नव्हतं ते म्हणजे मधेच दार वाजतं, आई धावत जाते, आणि दारात उभा असतो एक फेरीवाला. खळबळजनक कादंबऱ्यांचे भाग घरोघर पोचवणारा. नवा भाग आलाय, फार थरारक आहे, असं तो उत्साहानं सांगतो. ती विचारते, एल्सी दिसली का हो जिन्यात? नाही बुवा. आणि तो पुढच्या दाराकडे.

हा माणूस मी आधी कधी पाहिलाच नव्हता. म्हणजे पाहिला असणार, मधल्या वेळात येणारं किरकोळ पात्र म्हणून. आता वही बाजूला ठेवून त्याला दोनदा मागे नेऊन पाहिलं. जिचं मूल या क्षणी मारलं जातंय तिच्या दारात थरार विकायला आलेला माणूस. आणि त्याचा चेहरा वाईट नाही, उलट अगदी सालस. लांग इथे काही सुचवतोय असा कॅमेरा तिथे रेंगाळत नाही, संगीत वाजत नाही. पार्श्वसंगीत या सिनेमात नाहीच. तो येतो आणि जातो. पण खुनी माणसांवरच्या सिनेमाचा धंदा काय आहे हे सिनेमानं स्वतःच पहिल्या दहा मिनिटांत दारात उभं करून दाखवलंय. आजच्या कुठल्या सिनेमात असं काही असतं तर आपण त्याच्या हुशारीवर लेख लिहिले असते.

आवाजाचं म्हणाल तर लांगचा हा पहिला बोलपट. नवं खेळणं मिळालेली माणसं जे करतात, म्हणजे सतत वाजवत बसणं, ते त्यानं केलं नाही. खिडकीतून आई हाका मारते, "एल्सी!" आणि पडद्यावर आई नसते. रिकामा जिना दिसतो, वरून खाली बघताना विहिरीसारखा. मग माळ्यावर दोरीला वाळत घातलेले कपडे. मग टेबलावरची कोरडी बशी. हाक चालू, लांब लांब जाणारी. आता बघताना मला त्या बशीचा राग आला. तिच्यावर काहीही नाही, ती फक्त स्वच्छ आहे. पुढे सबंध सिनेमा कानानं चालतो. खुनी शीळ घालतो, ग्रीग या संगीतकाराच्या 'पीअर ग्यूंट'मधली, आधी हळू आणि मग पळत सुटणारी ती धून. खुन्याचं काम करणाऱ्या पीटर लॉरेला शीळ वाजवता येत नव्हती, ती लांगनं स्वतः वाजवली असं सांगतात. बेसूर आहे, आणि बेसूर असण्यातच तिची शिरशिरी आहे. खुन्याला ओळखतो तो आंधळा फुगेवाला, शिळेवरून. त्याआधी एका जागी हाच आंधळा बेसूर वाजणाऱ्या पेटीला वैतागून कानांवर हात ठेवतो, आणि सिनेमाचाच आवाज बंद होतो. हात काढले की पुन्हा सुरू. आपण त्याच्या कानांत बसलेलो असतो. आणि खुनी एका कार्यालयाच्या माळ्यावरच्या अडगळीत कोंडला जातो तेव्हा त्याला पकडून देतो तो खिळा ठोकून सरळ करतानाचा त्याचाच टकटकाट. ही सगळी मांडणी, कृपागुणांशिवाय, अव्वल आहे. तिथे माझी लाल पेन्सिल चाललीच नाही.

चालली ती मधल्या भागात. भाचीला मी ज्या भागाची माफी आगाऊ मागितली होती तो खरोखरच लांबतो. मंत्र्याचा फोन येतो आणि पोलीस आयुक्त त्याला सांगत बसतो की आम्ही काय काय करतोय, आणि आपल्याला ते सगळं एकेक करून दाखवलं जातं: नकाशावर कंपासनं काढलेली वर्तुळं, झडत्या, मोठा करून लावलेला बोटाचा ठसा, वेळापत्रकासारखं. झडत्यांनी धंदा बसल्यामुळे गुन्हेगारही खुन्याला शोधायचं ठरवतात, आणि पोलिसांची बैठक आणि गुन्हेगारांची बैठक आलटून पालटून जोडण्याची कल्पना झकास आहे: इकडे कुणी हात उचलतो, तिकडे दुसरा तो खाली आणतो, दोन्ही खोल्यांत सारखाच धूर. पण कल्पना कळल्यानंतरही ती चालूच राहते. श्रेंकर हा तिजोरीफोड्यांचा म्होरक्या मला पूर्वी फार आवडायचा, हातमोजे, काठी, कडक आवाज. आता तो जरा जास्तच रुबाबात वावरतो असं वाटलं. भिकाऱ्यांच्या संघटनेचा विनोद मात्र अजून ताजा आहे. आणि तो फ्रांत्स नावाचा घरफोड्या, ज्याला साथीदार जमिनीतल्या भोकात विसरून जातात आणि जो वर येताना शिडी मागतो, आणि वर पोलीस उभे असतात, तिथे मी एकटा मोठ्यांदा हसलो.

एक कबुली. भाची त्या मधल्या भागात कंटाळली नव्हती. उशी मागे सारून ती बसली होती ती तो छोट्या माणसाचा प्रसंग आला म्हणून. रस्त्यावर एक लहान मुलगी एका बुटक्या, चष्म्यातल्या म्हाताऱ्याला वेळ विचारते. तो सांगतो, तिला म्हणतो घरी जा आता. शेजारी एक धिप्पाड माणूस येऊन उभा राहतो: तुला काय करायचंय त्या पोरीशी? बुटक्याला कॅमेरा वरून बघतो, धिप्पाडाला खालून. दोन मिनिटांत गर्दी, गर्दीतून हात, हातातून कॉलर. मुलं पळवणारे आले आहेत या नुसत्या बातमीवर अनोळखी माणसाला घेरणाऱ्या जमावाच्या हातात आता फोन आहेत, एवढाच फरक. भाची तेव्हा स्वतःशीच म्हणाली होती, "शी." मी तिला सांगत होतो की हा कोन त्या वेळी नवीन होता.

या सिनेमाच्या नावापुढे सिरीयल किलर असं बिरूद आपण लावतो, पण इंग्रजीतला हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो कितीतरी दशकांनी. गंमत म्हणजे जर्मनमध्ये त्याचा भाऊ नुकताच जन्मला होता. बर्लिन पोलिसांतला नावाजलेला तपास अधिकारी एर्न्स्ट गेन्नात यानं १९३० साली ड्युसेलडॉर्फच्या पीटर क्युर्टेन या खुन्यावर लिहिताना तो वापरला. सिनेमातला जाडजूड, सिगार ओढणारा इन्स्पेक्टर लोमान या गेन्नातवरूनच बेतला असं म्हणतात. क्युर्टेन मे १९३०मध्ये पकडला गेला. 'एम' बर्लिनमध्ये पहिल्यांदा लागला ११ मे १९३१ला, तेव्हा क्युर्टेनला गिलोटिननं मृत्युदंडाची शिक्षा ठोठावून झाली होती. २ जुलैला कोलोनमध्ये ती अमलात आली. म्हणजे पहिले प्रेक्षक तिकीट काढून आत बसले तेव्हा बाहेर पेपरात तो माणूस जिवंत होता. मी ज्याला 'तो काळ' म्हणून सवलत देत होतो त्या काळाला सवलतीची गरजच नव्हती. तेव्हाच्या बाईला एल्सीच्या आईची हाक ऐकताना आपल्या मुलाची शाळा सुटायची वेळ आठवली असणार. ती सिनेमा म्हणून किती बघू शकली असेल, कुणास ठाऊक. गुणदोष शांतपणे बघायची चैन उलट मलाच मिळालीय, सोफ्यावर, हातात वही घेऊन.

आणि खुनी. हल्लीचे पडद्यावरचे खुनी बुद्धिमान असतात. त्यांना चित्रं कळतात, जुने ग्रंथ पाठ असतात, पोलिसाला ते कोडी घालतात आणि आपण हळूच त्यांच्या बाजूला सरकतो. 'एम'मधल्या खुन्यात, हान्स बेकर्टमध्ये सरकायला जागाच नाही. बटबटीत डोळे, गोबरा चेहरा, अंगाला घट्ट होणारा ओव्हरकोट, रस्त्यावर उभं राहून सफरचंद खाणारा. हस्ताक्षरतज्ज्ञ त्याच्या पत्रावरून त्याच्या मनोविकृतीचं शास्त्रशुद्ध निदान लिहून घेत असतो, आणि त्या आवाजाखाली आपल्याला दिसतो तो आरशासमोर बोटांनी ओठांची टोकं खाली ओढून स्वतःलाच वेडावणारा बेकर्ट. स्पष्टीकरण आणि माणूस एकमेकांना शिवत नाहीत. यानंतर एकोणतीस वर्षांनी आलेल्या हिचकॉकच्या 'सायको'त शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ उभा राहून सगळी उकल करून सांगतो. तो सिनेमा मला प्रिय आहे, पण तिथे मी दरवेळी घड्याळाकडे बघतो. लांग ती चूक करत नाही. सुऱ्या-काट्यांच्या दुकानासमोर बेकर्ट उभा असतो, काचेत त्याच्या चेहऱ्याभोवती सुऱ्यांची चौकट, आणि त्याच काचेत मागे एक मुलगी. त्याचे डोळे मोठे होतात, तो हातानं तोंड पुसतो. पुढे मुलीला तिची आई भेटते, तो दचकून दारात लपतो, मग वेलींआडच्या टेबलावर बसून कोन्याक मागवतो, घोटामागून घोट. मला त्याची कीव येते की किळस, हे मी वहीत लिहायला गेलो आणि दोन्ही खोडलं.

भाचीनं सिनेमा एकाच ठिकाणी थांबवला होता. शेवटी गुन्हेगारांची टोळी बेकर्टला एका पडक्या दारूच्या कारखान्यात ओढत आणते. पायऱ्यांवरून खाली ढकललेला तो वर बघतो तर समोर शेकडो चेहरे गप्प बसलेले. चोर, पाकीटमार, वेश्या यांचं न्यायालय. तिथे लॉरे जे करतो ते काळाच्या मोजपट्टीत बसवण्याचा प्रयत्न मीसुद्धा केला नाही. २६ वर्षांचा नट. गुडघ्यावर, बोटं वाकडी, आवाज कधी कुजबुज तर कधी किंकाळी: तुम्ही चोऱ्या करता त्या सोडू शकता, मला कुठे सोडता येतं? रस्त्यावर चालताना मागे कुणीतरी येत असतं आणि तो मीच असतो. मला पळायचं असतं, पण त्याच्यापासून पळता येत नाही. मग त्या आया येतात, ती मुलं येतात, ती जातच नाहीत. फक्त ते करताना नसतात. नंतर मला काही आठवत नाही, खांबावरची पत्रकं वाचतो तेव्हा कळतं. हे मी केलं? तो थांबला आणि भाचीनं बटण दाबलं. लॉरे तोंड अर्धवट उघडं टाकून गोठला.

"याला सोडायचं का मग?" तिनं विचारलं.

मी लगेच सुरू झालो. झुंडशाही आणि कायदा, सक्ती आणि जबाबदारी, त्याला वकील देणाऱ्या गुन्हेगारांमधला उपरोध. वर ही पटकथा लांगबरोबर लिहिणाऱ्या त्याच्या बायकोची, टेआ फॉन हार्बूची गोष्ट: दोन वर्षांत दोघांचा घटस्फोट झाला, लांग देश सोडून गेला, ती राहिली आणि नाझी पक्षात गेली, आणि नंतर तिनं गुपचूप लग्न केलं ते कुणाशी, तर आयी तेंडुलकर या आपल्याकडच्या पत्रकाराशी! हा माझा हुकमी पत्ता आहे, कुठल्याही बैठकीत चालतो. त्यावर मी दुसरा टाकला: लॉरे ज्यू होता, तो १९३३मध्ये निघून गेला, आणि १९४०च्या एका नाझी प्रचारपटात याच भाषणाचा तुकडा उचलून लावला गेला, ज्यू माणूस कसा असतो याचा नमुना म्हणून. अभिनयाची साक्ष केली. हे सांगताना माझा आवाज मलाच भरदार वाटत होता.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हो, पण एल्सीची आई कुठेय? हे सगळे आयांबद्दल बोलतायत. ती गर्दीतली बाई म्हणते आयांना विचारा, तो म्हणतो आया दिसतात मला. खरी आई एकही नाहीये इथे. सुरुवातीपासून गायब आहे ती."

मी म्हणालो, "तो मुद्दा वेगळा आहे," आणि सिनेमा पुढे चालू केला.

दुसऱ्या रात्री वहीत मी हा दोष म्हणून लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. कारण खरंच आहे. बशी मांडणारी ती बाई इतकी सविस्तर दाखवून सिनेमा तिला सोडून देतो आणि नकाशे, ठसे, हातमोजे यांच्यामागे जातो. सगळं शहर तिच्या नावानं हलतं, ती कुठेच नाही. या प्रकारच्या सिनेमांचा हा पिढीजात आजार आहे; मारणाऱ्याचं सगळं कळतं, मेलेल्याच्या घरी परत कुणी जात नाही. तो आजार इतका जुना आहे, आणि मी ज्याला निरोगी समजत होतो त्या पूर्वजालाही होता, म्हणून थोडा खट्टू झालो. तीस वर्षांत मला ती बाई आठवली नव्हती हे त्याहून वाईट, पण ते वहीत लिहायचं कारण नव्हतं.

सिनेमा चालूच होता. पोलीस येतात, सगळा जमाव हात वर करून उभा राहतो, आणि बेकर्टच्या खांद्यावर चौकटीबाहेरून एक हात पडतो: कायद्याच्या नावानं. माझ्या विशीतल्या प्रिंटमध्ये सिनेमा इथेच कुठेतरी संपत असावा. या सिनेमाच्या कापलेल्या, बदललेल्या शेवटाच्या प्रती बरीच वर्षं फिरत होत्या. आताची जीर्णोद्धार केलेली प्रत पुढे जाते. न्यायाधीश आत येतात, निकाल वाचायला तोंड उघडतात, आणि निकाल ऐकू येतच नाही. बाकावर काळ्या कपड्यांतल्या तीन बाया बसलेल्या दिसतात. मधली एल्सीची आई. ती कुणाकडेही न बघता म्हणते, यानं आमची मुलं परत येणार नाहीत. मुलांवर अजून नीट लक्ष ठेवायला हवं. आणि पडदा काळा होतो, पण आवाज थांबलेला नसतो. अंधारातून तिचा एकच शब्द येतो: तुम्ही सगळ्यांनी.

मी तो तुकडा मागे नेला. पुन्हा पाहिला, म्हणजे पुन्हा ऐकला. हाक मारणारी बाई तशीच होती, चेहऱ्याविना, रिकाम्या पडद्यावर. सुरुवातीला जिना होता, बशी होती. आता तेही नाही. वाक्य उपदेशाचं आहे हे मला अजून वाटतं, आणि बाईला इतकं थोडं देऊन इतकं मोठं वाक्य बोलायला लावणं हेही बरोबर नाही. पण गायब म्हणून मी ज्या दोन रेघा मारल्या होत्या त्यांच्याकडे बघत बसलो. खोडाव्यात का ठेवाव्यात, ठरेना. एक खोडली.

रात्रीचे पावणेबारा झाले होते. तरी भाचीला फोन लावला. म्हटलं, अगं, तू म्हणालीस ना आई कुठेय, ती आहे. शेवटी. पडदा पूर्ण काळा झाल्यावर तिचा आवाज येतो, एक शब्द. ती ओळ बघ तू परत, आपल्या हातून निसटली काल.

"ऐकली की मी," ती झोपेतच म्हणाली. "तू बोलत होतास तेव्हा."